कासवाच्या पेटीतील दमटपणा आणि बुरशी: पाणी तळाला, ऊब वर, हवा खेळती

कासवाच्या पेटीत बुरशीचा पहिला पांढरा पुंजका दिसला की पाळणाऱ्याचा हात आपोआप आखडतो आणि पेटी कोरडी करण्याची धडपड सुरू होते. दमट प्रदेशातील कासवाच्या बाबतीत हा उपाय फार महागात पडतो. कोरड्या हवेत वाढणाऱ्या कासवाच्या पाठीची घडण बिघडते, डोळे सुकतात, शरीरातील पाणी कमी होत जाते. बुरशी मात्र पाण्याच्या भांड्याखाली, लाकडाच्या खाचेत आणि उरलेल्या फळावर आपली जागा शोधतेच. गेली सहा वर्षे शिकागोजवळच्या आमच्या घरी एक लालपायी कासव वाढते आहे. मुलांनी तिचे नाव गोटी ठेवले आहे. या सहा वर्षांत मला ठामपणे पटले ते असे की बुरशीला नुसती ओल पुरत नाही. तिला कोंडलेली हवा, गार पडलेला ओला पृष्ठभाग आणि कुजणारे अन्न लागते. या तिन्ही गोष्टी तिच्यापासून काढून घेतल्या, तर ऐंशी टक्के आर्द्रतेतही पेटी स्वच्छ राहते आणि तिला मातीचा चांगला वास येतो.

आधी एक खुलासा करणे आवश्यक आहे. मराठीत आपण जमिनीवर राहणाऱ्या आणि पाण्यात राहणाऱ्या, दोन्ही प्राण्यांना कासवच म्हणतो. परंतु त्यांची निगा पूर्णपणे वेगळी असते. हे मार्गदर्शन जमिनीवरच्या कासवांसाठी, आणि त्यांतही मुख्यतः लालपायी कासवासाठी, म्हणजे रेड-फुटेड टॉर्टॉइजसाठी आहे. हे कासव दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला आणि गयानापासून ब्राझील, पॅराग्वेपर्यंत रानाच्या कडेने व ओलसर गवताळ भागात राहते आणि दिवसाचा बराच वेळ पालापाचोळ्यात किंवा पडलेल्या ओंडक्याखाली काढते. त्याला सत्तर ते ऐंशी टक्के आर्द्रता मानवते आणि वाढत्या पिल्लांना त्याहूनही थोडी अधिक चालते. भूमध्य समुद्राकाठचे हर्मन कासव किंवा मध्य आशियातील रशियन कासव ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. त्या जातींना मोकळी, तुलनेने कोरडी हवा आणि लपण्यासाठी एखादा ओलसर कोपरा, अशी व्यवस्था लागते. तळाचा थर, हवा आणि स्वच्छता यांचे नियम मात्र सर्वांना सारखेच लागू पडतात.

महाराष्ट्रातील वाचकांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. आपल्याकडे चोरून विकले जाणारे तारा कासव, म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव, पाळणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. घरात भरभराट व्हावी म्हणून ते आणणाऱ्यांच्या हातून त्या प्राण्याचे हालच होतात. असे कासव कोणाकडे असल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. लालपायी कासवासारख्या परदेशी जातींनाही आता भारतात परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. अमेरिकेत नियम वेगळे आहेत. तेथे कासवांपासून माणसांना होणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गामुळे १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकता येत नाहीत आणि त्याशिवाय राज्याराज्यांचे आपापले कायदे असतात.

हवेत पाणी मावते तरी किती

आर्द्रतेचे गणित एकदा समजले की निम्मी धावपळ वाचते. वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, तर तीस अंशांच्या हवेत सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे खोलीत वीस अंशांवर साठ टक्के आर्द्रता असली आणि तीच हवा पेटीत शिरून तीस अंशांपर्यंत तापली, तर पाण्याचा एक थेंबही कमी न होता आर्द्रता ३४ टक्क्यांवर येते. थंड देशांत याहून कठीण परिस्थिती असते. बाहेर उणे दहा अंश असताना एक घनमीटर हवेत जेमतेम अडीच ग्रॅम पाणी असते. ती हवा घरात येऊन हीटरने एकवीस अंशांपर्यंत गरम झाली आणि तिला दुसरीकडून ओल मिळाली नाही, तर तिची आर्द्रता १३ टक्क्यांच्या आसपास राहते. आमच्या घरी जानेवारीत ओठ फुटतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, तो याच हवेमुळे. त्याच हवेत उघड्या पेटीतले कासव दिवसभर दिव्याखाली बसलेले असते.

दुसरे गणित याहून उपयोगी आहे. १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच अशा पेटीतील हवेत, तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता असताना, एकूण पाणी साधारण दहा ग्रॅम असते. दहा ग्रॅम म्हणजे दोन चहाचे चमचे. झाकण उघडे राहिले की हे दोन चमचे पाहता पाहता खोलीत निघून जातात. दिवसातून दहा वेळा फवारा मारूनही आर्द्रता टिकत नाही, याचे कारण हेच आहे. हवा हा नुसता खिसा आहे. पाण्याचे खरे कोठार तळाच्या थरात असते, आणि तेथे लिटरच्या हिशेबाने पाणी साठवता येते.

पहिल्या हिवाळ्यात मी उघड्या पेटीत फवारे मारत राहिले. पाठ ओली आणि हवा कोरडी, असे विचित्र चक्र चालू राहिले. मग घाबरून मी पेटीवर जाड प्लास्टिक घट्ट ताणून बसवले. दहा-बारा दिवसांनी सकाळी सालीचा तुकडा उचलला, तर त्याच्या खालच्या बाजूला कापसासारखा पांढरा थर पसरलेला होता, पाण्याचे भांडे हलवल्यावर त्याच्या तळाशी हिरवट कडे दिसले आणि झाकण काढताना पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाला येतो तसा कुबट वास आला. गोटीच्या पोटाकडच्या कवचावर रुपयाएवढा फिकट डाग होता. पशुवैद्याने तो सुरुवातीलाच पाहिल्यामुळे काही आठवड्यांत तो भरून आला. परंतु दोन्ही चुका एकाच हिवाळ्यात झाल्या आणि दोन्ही चुका पाण्याच्या प्रमाणाच्या नव्हत्या, हे मला त्यानंतर समजले. पहिल्यांदा मी पाणी चुकीच्या जागी देत होते आणि दुसऱ्यांदा मी हवेची वाट बंद केली होती.

मोजमाप

घड्याळासारखी तबकडी आणि काटा असलेले स्वस्त आर्द्रतामापक पेटीच्या भिंतीला चिकटवून त्यावर विसंबून राहू नये. त्यांचा काटा अडकतो आणि चूक पंधरा-वीस टक्क्यांची असू शकते. वायरच्या टोकाला सेन्सर असलेले डिजिटल आर्द्रतामापक घ्यावे, शक्यतो दोन घ्यावेत, आणि एकाचे टोक उबेच्या बाजूला व दुसऱ्याचे गार बाजूला, कासवाच्या पाठीच्या उंचीवर ठेवावे. छताजवळचा आकडा कासवाच्या उपयोगाचा नाही.

नवे यंत्र आणल्यावर त्याची मिठाने परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे, ते झाकण आणि यंत्र घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवावे आणि खोलीच्या तापमानाला बारा तास तरी राहू द्यावे. अशा ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. यंत्र ७१ दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक आकड्यात चार मिळवावेत आणि हा फरक यंत्राच्या पाठीवरच लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण सतत दमट हवेत राहणारे सेन्सर हळूहळू चुकू लागतात.

पेटी आणि हवेच्या वाटा

लालपायी कासवासाठी वरून उघडी पेटी थंड देशात कितीही प्रयत्न केले तरी दमट राहत नाही. पेटी चारही बाजूंनी आणि वरून बंद असावी, समोरून उघडणारी असावी आणि हवेसाठी तिला मोजक्या, ठरावीक वाटा असाव्यात. पीव्हीसीच्या पेट्या ओलीने फुगत नाहीत म्हणून त्या सर्वांत सोयीच्या. प्लायवुडची पेटी घरी बनवायची असल्यास आतून पाणी न शोषणारा लेप लावून, सांधे सिलिकॉनने भरून, वास पूर्ण जाईपर्यंत ती दोन-तीन आठवडे मोकळी ठेवावी. आधीच उघडी पेटी असेल, तर तिच्यावर पॉलीकार्बोनेटचा पत्रा ठेवून साधारण ऐंशी टक्के भाग झाकावा आणि दिव्याभोवती पुरेशी जागा सोडावी, म्हणजे पत्रा तापून वितळणार नाही.

हवेच्या दोन जाळ्या पुरतात, परंतु त्यांच्या जागा नीट निवडाव्या लागतात. एक जाळी गार बाजूला खाली, मातीच्या थराच्या थोडी वर, आणि दुसरी उबेच्या बाजूला वर असावी. गरम हवा वरून बाहेर पडते, तिच्या जागी खालून ताजी हवा येते आणि पेटीभर एक मंद, सतत वाहणारा प्रवाह तयार होतो. दोन्ही जाळ्या छतातच असतील, तर खालची हवा जागची हलत नाही आणि बुरशी नेमकी त्याच थरात वाढते. ओल फार लवकर उडू लागली, तर जाळीचा काही भाग चिकटपट्टीने झाकून दोन दिवस आकडे पाहावेत. एकदम सगळे बंद करू नये. कोपऱ्यात हवा साचतेच आहे असे वाटल्यास संगणकातला आठ सेंटिमीटरचा छोटा पंखा, जाळीमागे सुरक्षित बसवून, टायमरवर दिवसातून तीन-चार वेळा पंधरा पंधरा मिनिटे चालवावा. त्याचा झोत थेट कासवावर येता कामा नये.

तळाचा थर

या विषयात सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते येथे, कारण थर नीट लागला की बाकीची कामे आपोआप हलकी होतात. आपल्या कुंड्यांत वापरले जाणारे कोकोपीट हा याचा पाया आहे. ते पाणी भरपूर धरते, परंतु एकटे वापरले तर ते दाबले जाऊन त्याची ढेप होते, आत हवा शिरत नाही आणि वरून सुकले की धूळ उडते. म्हणून दोन भाग कोकोपीटमध्ये एक भाग ऑर्किडसाठी मिळणारी फर झाडाची साल किंवा सायप्रसची साल मिसळावी. सालीच्या तुकड्यांमुळे थरात पोकळ्या राहतात आणि सायप्रसची साल लवकर कुजत नाही. देवदार वर्गातील सीडरचा भुसा आणि ताज्या पाइनचा भुसा कटाक्षाने टाळावा, कारण त्यांतील सुगंधी तेलांचा श्वसनमार्गाला त्रास होतो. कुंडीसाठीची तयार माती घेतली, तर त्यात पांढरे परलाइटचे गोळे किंवा खत नाही याची खात्री करावी. गवताची बिछायत कोरड्या प्रदेशातील कासवांना चालते. दमट पेटीत ते गवत दोन-तीन दिवसांतच बुरसटते.

थराची जाडी दहा ते पंधरा सेंटिमीटर असावी. कोकोपीटच्या पाच किलोच्या विटेपासून भिजल्यावर साधारण साठ ते सत्तर लिटर माल होतो, आणि वर सांगितलेल्या आकाराच्या पेटीला सालीसह सुमारे ८५ लिटर लागतो. भिजवलेले कोकोपीट पेटीत घालण्यापूर्वी मुठीत दाबून पाहावे. बोटांच्या फटीतून पाणी ठिबकले, तर ते फार ओले आहे. मूठ उघडताच सगळे भुरभुरले, तर कोरडे आहे. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. रवा भाजून झाल्यावर लाडू वळले जातील का, हे आपण जसे हाताने ओळखतो, तसेच हे आहे, आणि दोन-तीन वेळा केल्यावर हाताला ते कळू लागते.

यानंतर पाणी द्यायचे ते वरून नाही. पेटीच्या चारही कोपऱ्यांत, भिंतीला लागून, कोमट पाणी हळूहळू ओतावे, म्हणजे ते थेट तळाशी उतरते आणि तेथून आडवे पसरते. खालचा थर ओला, मधला दमट आणि वरचा एक-दोन सेंटिमीटरचा भाग जवळजवळ कोरडा, अशी रचना तयार होते. कासवाचे पोट कोरड्यावर टेकते, हवेला मात्र खालून सतत वाफ मिळत राहते. आमच्या पेटीला हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा प्रत्येक कोपऱ्यात सुमारे पाव लिटर पाणी लागते आणि जुलैत तितकेच पाणी दोन आठवडे पुरते. प्रत्येक घराचा आकडा वेगळा असणार, म्हणून पहिल्या महिन्यात तारीख, ओतलेले पाणी आणि दोन्ही बाजूंची आर्द्रता एका वहीत लिहून ठेवावी. पेटीची बाजू पारदर्शक असल्यास तळाशी पाण्याचे तळे दिसता कामा नये. तसे दिसले, तर पाणी थांबवून थर खालीवर करावा, कारण पाण्यात बुडालेल्या थरात हवा उरत नाही आणि त्याला सडक्या अंड्यासारखा घाणेरडा वास सुटतो.

वरून पालापाचोळा पसरणे मला अत्यावश्यक वाटते. ओक किंवा मॅग्नोलियाची, कीटकनाशक न फवारलेली वाळकी पाने उकळत्या पाण्यातून काढून, सुकवून घालावीत. पानांमुळे खालची ओल लवकर उडत नाही, पोट कोरडे राहते आणि कासवाला त्याच्या रानात असते तसे शिरायला, उकरायला मिळते. लपण्याच्या जागेत मूठभर ओलसर स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारे शेवाळ, ठेवावे, ते दर आठवड्याला पिळून धुवावे आणि रंग काळपट झाला की बदलावे.

ऊब

गार आणि ओले, हे कासवासाठी सर्वांत वाईट एकत्रीकरण आहे. उबदार व ओले त्याला मानवते, गार व कोरडे काही काळ निभते. परंतु गार आणि ओल्या हवेत फुप्फुसाचा संसर्ग होतो, आणि कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसल्यामुळे खोकून कफ बाहेर काढता येत नाही. म्हणून आर्द्रता वाढवण्याआधी रात्रीचे तापमान तपासावे. लालपायी कासवासाठी दिवसा पेटीत २७ ते ३० अंश, उबेच्या जागी ३२ अंशांच्या आसपास, आणि रात्री कुठल्याही कोपऱ्यात २२ अंशांच्या खाली जाणार नाही, अशी सोय असावी. रात्रीसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर किंवा उष्णतेचा सपाट पॅनेल थर्मोस्टॅटला जोडून वापरावा. प्रखर झोताचा दिवा कमी उंचीवर लावला, तर हवेचा आकडा चांगला दिसत असूनही पाठीचा तेवढाच भाग कोरडा पडतो.

काचेवर दिसणारे पाणी हा या संदर्भातला उपयोगी इशारा आहे. तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता असलेली हवा २६ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की तिच्यातील वाफेचे पाणी होते. सकाळी काचेच्या खालच्या भागावर हलके धुके दिसणे स्वाभाविक आहे. दिवसभर ओघळ वाहत असतील, तर ती भिंत गार पडते आहे आणि तिच्या पायथ्याशी बुरशी येणार, हे समजावे. अशा वेळी पेटी खिडकीपासून किंवा बाहेरच्या भिंतीपासून दूर घ्यावी, अथवा मागच्या बाजूला बाहेरून थर्माकोलचा पत्रा लावावा. पाणी कमी करण्याचा विचार त्यानंतर करावा.

आर्द्रतेसाठी धुके सोडणारी यंत्रे बाजारात मिळतात. मी ती वापरत नाही आणि नवशिक्यांनीही वापरू नयेत, असे माझे मत आहे. त्यांच्या टाकीत जंतू वाढतात आणि तेच पाणी बारीक तुषारांच्या रूपाने कासवाच्या श्वासात जाते. तळाचा थर नीट असेल, तर त्यांची गरज पडत नाही.

एवढे सगळे करण्यामागे केवळ पाळणाऱ्यांचा अनुभव नाही. व्हिएन्नामध्ये आफ्रिकेच्या सुल्काटा कासवांच्या पिल्लांवर झालेले आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या बाबतीत महत्त्वाचे मानले जाते. पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येण्यामागे जास्त प्रथिनांचा आहार हे मुख्य कारण असल्याचे त्याआधी समजले जाई. या पाहणीत आहारातील प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा परिणाम बराच मोठा आढळला. एकदा आलेले उंचवटे सपाट होत नाहीत, पुढची वाढ तेवढी नीट होऊ शकते.

बुरशी दिसल्यावर

सर्वप्रथम ती कशावर आली आहे, ते पाहावे. पेटीत नव्याने ठेवलेल्या लाकडावर पहिल्या काही आठवड्यांत येणारी पांढरी लव बहुधा लाकडातील साखरेवर जगते, आणि ती ब्रशने घासून, लाकूड उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवले की पुन्हा फारशी येत नाही. अन्नावर आलेली बुरशी हा आपल्या हलगर्जीपणाचा पुरावा आहे. लालपायी कासव इतर बहुतेक भूकासवांपेक्षा जास्त फळे खाते, त्यामुळे पपईचा, आंब्याचा किंवा केळ्याचा तुकडा मातीत दबून राहण्याची शक्यता मोठी असते. अन्न सपाट दगडी फरशीवर वाढावे, संध्याकाळपर्यंत उरलेले उचलावे आणि फरशी रोज धुवावी. हा एक नियम पाळल्यावर आमच्याकडची निम्म्याहून अधिक बुरशी थांबली.

थरावर आलेला पुंजका मोठ्या चमच्याने, भोवतालच्या चार-पाच सेंटिमीटर मालासकट, हलक्या हाताने उचलून पिशवीत बंद करावा. तो झटकू नये, कारण त्यातून असंख्य बीजाणू उडतात. ज्यांना दमा आहे त्यांनी तोंडावर मास्क लावावा आणि कासवाला तेवढा वेळ दुसरीकडे ठेवावे. नंतर त्या जागेचा थर तळापर्यंत उकरून खालीवर करावा आणि तेथे हवा का पोहोचत नाही, याचा शोध घ्यावा. रंगावरून बुरशीची जात ओळखण्याचा प्रयत्न करू नये. पांढरी बुरशी आहे म्हणून सोडून देणे आणि काळी आहे म्हणून घाबरणे, दोन्ही चूकच आहे. काही आली की काढायची, एवढे पुरेसे आहे. कोकोपीटमधून कधी कधी पिवळी, छत्रीसारखी भूछत्रे उगवतात, तीही तत्काळ काढावीत, कारण लालपायी कासव रानात अळंबी आवडीने खाते आणि ही पिवळी जात विषारी असते.

पेटीत बुरशीनाशके फवारू नयेत. त्याऐवजी स्प्रिंगटेल नावाचे मिलिमीटरभर लांबीचे, पांढरे, निरुपद्रवी कीटक सोडावेत. ते कोळशावर वाढवलेले मिळतात, डबीत पाणी घालून ते पाण्यासकट थरावर ओतता येतात, आणि बुरशी व कुजलेला पाला हेच त्यांचे अन्न असते. त्यांच्या जोडीला आयसोपॉड नावाचे छोटे पांढरे, कुजका पाला खाणारे जीव सोडले, तर विष्ठेचे बारीक अंशही ते संपवतात. हे जीव बागेतून गोळा करू नयेत, कारण त्यांच्याबरोबर कीटकनाशके आणि परजीवी येतात. पहिले सहा-आठ आठवडे फरक दिसत नाही. त्यानंतर एखाद्या सकाळी पान उलटल्यावर खाली पांढरे ठिपके टुणटुण उडताना दिसतात आणि बुरशीची जागा मोकळी झालेली असते. विष्ठेचे मोठे गोळे आणि पांढरा चिकट युरेट, म्हणजे कासवाच्या लघवीतील घट्ट भाग, मात्र आपणच रोज उचलायचा असतो.

कासवाची पाहणी

दर रविवारी कासवाला मऊ टॉवेलवर घेऊन, थोडे तिरके धरून, पोटाकडचे कवच चांगल्या उजेडात पाहावे आणि वास घ्यावा. निरोगी कवच टणक असते आणि त्याला मातीव्यतिरिक्त वास नसतो. खवल्यांच्या सांध्यांत दिसणारी फिकट, गुळगुळीत रेघ ही नव्या वाढीची असते आणि ती पाहून आनंद मानावा. खरखरीत पांढरे डाग अनेकदा जड पाण्यातील क्षारांचे असतात आणि ओल्या कापडाने पुसल्यावर फिके होतात. परंतु नखाने दाबल्यावर मऊ लागणारी जागा, सुटणारा पापुद्रा, खाली दिसणारी लाली, खड्डा किंवा घाण वास यांपैकी काहीही आढळले, तर तो कवच कुजण्याचा रोग असू शकतो. अशा वेळी घरगुती तेले आणि मलमे न लावता कासवाला स्वच्छ कागद अंथरलेल्या उबदार, कोरड्या खोक्यात हलवावे, रोज वीस मिनिटे कोमट पाण्यात बसवून नंतर पूर्ण पुसावे आणि सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, मान ताणून शिट्टीसारखा आवाज करणे आणि खाणे सोडणे ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणे आहेत. त्यांच्यासाठी सोमवारची वाट पाहू नये.

स्वच्छता

पाण्याचे भांडे रोज घासावे आणि दर वेळी थोड्या वेगळ्या जागी ठेवावे, म्हणजे खालची माती श्वास घेते. भिंती आणि काच आठवड्यातून एकदा समप्रमाणात व्हिनेगर व पाणी घेऊन पुसाव्यात. वर्षातून एकदा, किंवा कधीही अमोनियाचा झणका आला तर लगेच, थर बदलावा. कीटकांची वसाहत टिकावी म्हणून जुन्या, निरोगी थराचा चौथा भाग राखून नव्यात मिसळावा. रोगानंतरची सफाई असेल, तर काहीही राखू नये. रिकामी पेटी ब्लीचच्या सौम्य पाण्याने धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत वारंवार स्वच्छ धुवावी आणि वाळवावी. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. फिनाईल आणि त्या गटातील जंतुनाशके पेटीच्या जवळसुद्धा आणू नयेत. सफाईनंतर, तसेच कासवाला हात लावल्यानंतर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर साल्मोनेलाच्या धोक्यामुळे त्याला कासव हाताळू देऊ नये, आणि पेटीतील भांडी स्वयंपाकघरातील सिंकमध्ये घासू नयेत.

गावाला जाताना

आम्ही दर डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला येतो आणि शेजारच्या काकू गोटीकडे पाहतात. आपण नसताना बुरशी येते ती बहुधा मदत करणाऱ्याच्या मायेमुळे, कारण प्राण्याला कमी पडू नये म्हणून तो पाणी आणि फळे दोन्ही जास्त देतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मी थर खालीवर करते, कोपऱ्यांत पाणी देते, आणि पुढच्या प्रत्येक खेपेचे पाणी मोजून बाटल्यांत भरून त्यांवर तारखा लिहिते. फळे त्या तीन आठवड्यांत फक्त शनिवारी द्यायची असतात आणि रोज पालेभाज्या. पेटीच्या दारावर एक कागद चिकटवलेला असतो. दोन्ही आकडे साठ ते पंचाऐंशीच्या दरम्यान असतील, तर काही करू नये. साठच्या खाली गेले, तर पुढच्या तारखेची बाटली आधी वापरावी. पंचाऐंशीच्या वर गेले, तर वरच्या जाळीची चिकटपट्टी काढावी. रात्रीचे तापमान बावीसच्या खाली दिसले, तर पाण्याला हात न लावता, पुण्यात मध्यरात्र असली तरी, फोन करावा.